बेचाळीस फुटांवरचं पाणी आणि अतिवाहक जनित्र

पावसाळ्यात कोल्हापुरात सकाळचा पहिला प्रश्न ठरलेला: पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती? ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. पण ४२ फूट ११ इंचांवर नदीकाठच्या चिखली गावातला माणूस निर्धास्त झोपत नाही. तो पुढचं विचारतो, "तासाला किती चढतंय?" ४२ वर ठप्प झालेल्या पाण्यापेक्षा ४१ वरून झपाट्यानं चढणारं पाणी त्याला जास्त घोर लावतं.

१९६५ मध्ये लोत्फी झादे यांनी अशा विचाराला गणित दिलं. त्या फझी लॉजिकमध्ये, म्हणजे धूसर तर्कात, 'धोका आहे' आणि 'नाही' असे दोनच कप्पे नसतात. ३९ ला धोका ०, ४३ ला १ धरला, तर ४२ ला तो ०.७५. ही शक्यता नव्हे! पाणी ४२ फूट आहे हे पक्कं ठाऊक आहे. 'धोका' या शब्दात ते कितपत बसतं, एवढंच हा आकडा सांगतो. ज्योतिषाच्या मोघम भाकिताशी त्याचं काही नातं नाही. तेच आकडे घाला, दरवेळी तेच उत्तर येईल.

याचा मला सर्वांत भावलेला उपयोग अतिवाहक जनित्रातला, म्हणजे विजेला जवळपास रोध न करणारी (सुपरकंडक्टिंग) तार वापरणाऱ्या जनरेटरमधला. जनित्राच्या रोटरवर, म्हणजे फिरणाऱ्या भागावर, तारेची गुंडाळी असते. तिच्यातला प्रवाह, म्हणजे एक्सायटेशन, कमीजास्त करून विजेचा दाब सांभाळतात. इथे ती गुंडाळी तांब्याऐवजी नायोबियम-टायटेनियमची, द्रवरूप हेलियमनं उणे २६९ अंशांपर्यंत गार केलेली. रोध जवळपास शून्य, म्हणून प्रवाह बदलायला फार वेळ लागतो. शिवाय रोटरभोवतीची धातूची कवचं चुंबकक्षेत्राचे झटपट बदल अडवतात. घाईनं रेटलं तर तार तापते आणि अतिवाहकताच जाते. याला 'क्वेंच' म्हणतात.

आता लाईनवर शॉर्टसर्किट झालं. वीज बाहेर जाईना, टर्बाइन मात्र रेटतंच आहे. रोटर पळू लागतो. नेहमीचा नियंत्रक एका ठरावीक स्थितीभोवती जुळवलेला असतो, आणि यंत्र तर तिच्यापासून लांब गेलेलं. फझी नियंत्रक चिखलीकरासारख्या दोनच गोष्टी बघतो: वेग मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या किती वर गेला, आणि चढतोय की उतरतोय. चढत असेल तर एक्सायटेशन वाढव, म्हणजे जास्त वीज बाहेर ढकलली जाऊन रोटरला लगाम बसतो; उतरत असेल तर हात आवर. समजा वेग चढतोय. 'थोडा जास्त' या कप्प्यात तो ०.७५ बसला, 'खूप जास्त' मध्ये ०.२५. पहिल्या कप्प्याचा नियम गुंडाळीला दिलेला दाब १० व्होल्ट वाढवा म्हणतो, दुसऱ्याचा ३०. मग ०.७५ × १० + ०.२५ × ३० = १५ व्होल्ट. वेग किंचित सरकला की वजनं सरकतात, त्यांच्यासोबत उत्तरही सरकतं. मध्येच उडी नाही, आणि या गुंडाळीला उडीच सोसत नाही.

जपानमध्ये १९९०च्या दशकाच्या अखेरीस ७० मेगावॉट वर्गाच्या अतिवाहक जनित्रांच्या चाचण्या झाल्या. फझी नियंत्रणाचा अभ्यास बराचसा संगणकी प्रारूपांवर झाला आहे. गुंडाळीचा संथपणा मात्र कोणत्याही नियमानं जात नाही. म्हणून काही अभ्यासक असेच नियम टर्बाइनच्या वाफेच्या झडपांनाही लावून पाहतात.