आमरी : मुंबई परिसरातील वन्य जाती व आदिवासी औषधी परंपरा

आमरी म्हणजेच ऑर्किड कुलातील (ऑर्किडेसी) वन्य जातींपैकी ज्या मुंबई आणि तिच्या उत्तरेकडील ठाणे-पालघरच्या वनपट्ट्यात आढळतात, त्यांचा आणि वारली, कातकरी, महादेव कोळी, ठाकर इत्यादी जमातींच्या वनौषधी परंपरेत त्यांना असलेल्या स्थानाचा विचार येथे केला आहे. बोरिवली-येऊरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान व वसईजवळील तुंगारेश्वर अभयारण्य हे या पट्ट्यातील प्रमुख वनप्रदेश होत.

या जातींचे वृक्षवासी व भूमिवासी असे दोन गट पडतात. सीतेची वेणी (ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा) आणि आंब्यासारख्या झाडांच्या खोडांवर वाढणारी व्हँडा टेसेलाटा या वृक्षवासी जाती होत. त्या आधारवृक्षावर केवळ टेकून राहतात, बांडगुळाप्रमाणे त्याचा अन्नरस शोषत नाहीत. अमरकंद (युलोफियाच्या जाती), हबेनारिया व नर्व्हिलिया या भूमिवासी जाती उन्हाळाभर कंदरूपाने जमिनीत सुप्त असतात.

जुन्या नोंदी वापरताना एक दक्षता आवश्यक आहे. थिओडोर कुक यांच्या १९०१–०८ मधील वनस्पतिग्रंथात आणि त्या काळातील वनस्पतिसंग्रहांच्या (वाळवून जपलेल्या नमुन्यांच्या संग्रहांच्या) चिठ्ठ्यांवर ‘मुंबई’ म्हणजे बहुधा सिंधपासून कारवारपर्यंतचा ब्रिटिशकालीन मुंबई इलाखा असतो. त्यावरून एखादी जाती शहराच्या परिसरात होती असे अनुमान काढणे धोक्याचे आहे. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रह (स्थापना १९०६) हे या अभ्यासाचे आजही मुख्य साधन आहे.

औषधी उपयोगांच्या चर्चेत सर्वाधिक वाद रास्ना या आयुर्वेदिक द्रव्याविषयी आहे. चरकसंहितेत वातहर द्रव्यांमध्ये रास्नेला अग्रस्थान दिले आहे, परंतु ती वनस्पती कोणती याविषयी एकमत नाही. बंगालमध्ये व्हँडा टेसेलाटाची मुळे, उत्तर भारतात प्लुचिया लॅन्सिओलाटाची पाने, तर दक्षिणेत अल्पिनिया गलंगा अर्थात कुलिंजनाचे मूलस्तंभ रास्ना म्हणून वापरात आहेत. राजनिघंटू या औषधिद्रव्यांच्या कोशात (काळ विवाद्य, साधारणपणे चौदावे ते सतरावे शतक) मूल, पत्र व तृण असे रास्नेचे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यावरून ग्रंथकाराच्या काळीच या नावाखाली एकाहून अधिक द्रव्ये प्रचलित असावीत असे दिसते. सोळाव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या भावप्रकाश या आयुर्वेदग्रंथात रास्नेला ‘सुगंधा’ व ‘एलापर्णी’ हे पर्याय आहेत. वेलचीसारखी पाने व सुगंध ही लक्षणे कुलिंजनाला बरीच लागू पडतात, व्हँडाला मात्र लागू पडत नाहीत. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशाने प्लुचिया स्वीकारली आहे. व्हँडाचा रास्ना म्हणून वापर हा मूळ संहितांपेक्षा नंतरच्या प्रादेशिक प्रघाताचा भाग असावा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. तथापि त्यामुळे तिच्या लोकप्रचलित उपयोगांचे मोल कमी होत नाही, कारण त्यांचा आधार ग्रंथ नसून पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे.

सांधेदुखी व सूज यांवर व्हँडाच्या मुळांचा लेप किंवा काढा आणि कान ठणकत असल्यास पानांचा रस, असे तिचे उपयोग लोकवनस्पतिशास्त्रीय (लोकांच्या वनस्पतीवापराच्या) सर्वेक्षणांत नोंदलेले आहेत. अमरकंदाचे पिष्टमय कंद शक्तिवर्धक म्हणून खाल्ले जातात; बाजारात ते हिमालयातील सालममिश्री या आमरीच्या शक्तिवर्धक कंदांऐवजीही विकले जातात. औषध देण्याचे काम मुख्यतः भगताकडे व सुईणीकडे असते. अशा सर्वेक्षणांत मात्रा व अनुपान (औषध कशाबरोबर घ्यावे ते) क्वचितच दिलेले असते, ही मोठी उणीव होय.

आमरी कुलाबाहेरील वनौषधींमध्ये अतिसारावरील कुड्याची साल सर्वपरिचित आहे. सफेद मुसळीच्या क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम या शास्त्रीय नावात बोरिवलीचे नाव आहे. तिची कोवळी पाने फोडशी या नावाने पावसाळ्यात आदिवासी स्त्रिया मुंबईच्या बाजारांत विकतात.

मुसळीची आता शेती होते, आमरींची औषधासाठी तशी लागवड रुजलेली नाही. आमरीच्या धुळीएवढ्या बारीक बियांत अन्नसाठा नसल्याने निसर्गात त्या विशिष्ट कवकाच्या (बुरशीच्या) साहाय्यानेच रुजतात, आणि कंद वा मुळे काढली की बहुधा संपूर्ण वनस्पतीच नष्ट होते. आदिवासींची घरगुती गरज अल्प असते. व्यापारी उपसा ही खरी चिंतेची बाब आहे. संपूर्ण आमरी कुल साइट्स या संकटग्रस्त वन्य जातींच्या व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत समाविष्ट असल्याने त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे, आणि राष्ट्रीय उद्यानातून वनस्पती काढण्यावर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये निर्बंध आहेत.