एका कोकरावर थांबलेली दख्खनी मेंढी

शेळी घ्यायला गेलेला जाणता माणूस आधी दात बघतो, मग कास चाचपतो आणि विचारतो, "जुळी देते का?" धाराशिव-लातूरकडची उस्मानाबादी असेल तर उत्तर बहुतेक वेळा 'होय' येतं. पहिल्या वेताला एक, पुढे दोन, असं तिचं साधारण चालतं. त्याच माळावर चरणारी दख्खनी मेंढी मात्र पिढ्यानपिढ्या एकाच कोकरावर थांबली. धनगरानेही तिच्याकडे जास्त मागितलं नाही. मुक्कामामागून मुक्काम चालणाऱ्या मेंढीचं दूध एका पिल्लाला पुरलं तरी खूप.

पिल्लं किती होणार याची कमाल मर्यादा माजाच्या वेळीच ठरते. त्या वेळी मादीची बीजांडं किती सुटली, त्यावर पुढचं सगळं. म्हणून बोकड दाखवण्याच्या आधीचे दोन-तीन आठवडे मोलाचे. शेळी रोडावलेली असेल तर एकच बीज सुटतं. त्या दिवसांत खुराक वाढवला, ती अंगाने भरू लागली, तर दोन सुटण्याचा संभव वाढतो. आपल्याकडे उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा आणि मृगानंतरचा कोवळा चारा हेच काम फुकटात करतात. चौथ्या-पाचव्या वेतापर्यंत जुळ्यांचं प्रमाण चढतं, मग उतरतं. बोकडाचा त्या वेताच्या आकड्याशी फारसा संबंध नसतो. पण त्याच्या आईचा गुण त्याच्या लेकींमध्ये उतरतो, म्हणून 'जुळ्याचा बोकड ठेवावा' हे जुन्या माणसांचं म्हणणं खरंच आहे.

मेंढीच्या बाबतीत या सगळ्याला एक वेगळीच कथा जोडली गेली, आणि ती सुरू होते सुंदरबनात. तिथली गारोळे मेंढी दहा-पंधरा किलोची, गुडघाभर पाण्यात उभी राहून चरणारी, आणि सहज दोन-तीन कोकरं देणारी. 1792-93 च्या सुमारास कलकत्त्याहून निघालेल्या जहाजांतून बंगालच्या मेंढ्या सिडनीच्या नव्या वसाहतीत पोचल्या. मांसासाठी नेलेली ही जनावरं पुढे लोकरीसाठी पाळल्या जाणाऱ्या मेरिनो मेंढ्यांच्या लाटेत दिसेनाशी झाली. त्यांचं रक्त मात्र कुठेतरी टिकून राहिलं.

दीडशे वर्षांनी न्यू साऊथ वेल्समधल्या कूमाजवळच्या 'बूरूला' नावाच्या फार्मवर सीअर्स बंधूंनी आपल्या मेरिनो कळपातली जुळी-तिळी वेगळी राखायला सुरुवात केली. 1958 मध्ये त्यांनी तिथल्या सरकारी संशोधन संस्थेला, सीएसआयआरओला, एकाच वेतात झालेल्या पाच कोकरांपैकी एक मेंढा भेट दिला. त्याच्या वंशावर वर्षानुवर्षं काम झालं. 1980 च्या आसपास शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की हा गुण शेकडो बारीकसारीक जनुकांचा नाही, एकाच मोठ्या जनुकाचा आहे. त्याला 'फेकबी' नाव मिळालं. मेंढ्यांच्या आनुवंशिकतेच्या अभ्यासक हेलन न्यूटन टर्नर यांनी त्याच सुमारास जुन्या नोंदी चाळून सुचवलं की याचं मूळ त्या बंगाली मेंढ्यांत असावं. 2001 मध्ये जनुकातला नेमका बदल सापडला आणि 2002 मध्ये तोच बदल गारोळेतही दिसला. टर्नरबाईंचा अंदाज खरा ठरला.

फलटणला बनबिहारी निंबकरांनी 1968 मध्ये निंबकर कृषी संशोधन संस्था काढली होती. दख्खनी मेंढीला दोन कोकरं व्हावीत, ही त्यांची जुनी तळमळ. नव्वदच्या दशकात त्यांनी गारोळे मेंढ्या फलटणला आणल्या, म्हणजे जनुकातला तो नेमका बदल सापडण्याआधीच! मला या इतिहासातला हा भाग सगळ्यात थोर वाटतो. त्यांच्या कन्या चंदा निंबकर यांनी पुढे हे काम हाती घेतलं. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातले संशोधक सोबत होते.

अडचण साधी होती. मेंढ्याकडे बघून त्याच्यात तो गुण आहे की नाही हे कळत नाही. त्याच्या लेकी वाढायच्या, गाभण राहायच्या, पाच महिन्यांनी व्यायच्या, तेव्हा कळणार. तोवर दोन वर्षं गेलेली. रक्ताच्या थेंबावर तपासणी होऊ लागली आणि कोवळ्या कोकरातच निवड करता आली. दख्खनी, गारोळे आणि मोठ्या अंगाच्या इतर मेंढ्यांच्या संकरातून 'नारी सुवर्णा' ही नवी मेंढी उभी राहिली आणि परिसरातल्या मेंढपाळांच्या कळपांतही गेली. मेरिनोत या जनुकाने तिळी-चौळी इतकी वाढली की कोकरं दगावू लागली. दख्खनीत तो बऱ्यापैकी जुळ्यांवरच थांबला. हे आपलं नशीब.

तरी जुळं झालं म्हणजे निभलं असं नाही. आमच्या आजीच्या वाड्यात दुसरं पिल्लू बाहेर आलं की ती आधी त्याचे कान धरून बघायची. कान गार लागले तर गोणपाटाने चोळून, तोंडात बोट घालून, चीक पाजल्याशिवाय हलायची नाही. तिळं असेल तर आणखी कठीण, कारण सड दोनच.

शेळीत असं एकच मोठं जनुक हाताशी धरून काम करता आलेलं नाही. तिथे गुण हळूहळू, पिढीमागून पिढी साठवावा लागतो आणि नेमकी तिथेच आपली चूक होते. एकटं जन्मलेलं करडू सगळं दूध पिऊन झपाट्याने वाढतं. अंगापिंडाने तेच देखणं दिसतं आणि पैदाशीला तोच बोकड ठेवला जातो. जुळ्यातला सडपातळ भाऊ तेवढ्यात खाटकाला गेलेला असतो. बोकड ठेवण्याआधी त्याची आई किती वेतांत किती व्याली, हे वहीत लिहिलेलं असेल तरच ही चूक टळते, आणि फार थोड्या घरांत ती वही असते.