घाट्याचा सौदा, तरी संघ तोच

ब्रिटनमध्ये सुमारे ३२ हजार लोकांच्या फोनवर एक अ‍ॅप होतं. दिवसातून अधूनमधून ते विचारायचं : आत्ता कितपत आनंदी वाटतंय, कुठे आहात, काय करताय? अशी तीसेक लाख उत्तरं जमली. ससेक्स विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ पीटर डॉल्टन आणि जॉर्ज मॅकेरन यांनी ती फुटबॉलच्या निकालांशी ताडून पाहिली. शंभर गुणांच्या मापावर, आपला संघ जिंकल्यानंतरच्या तासाभरात चाहत्याचा आनंद साधारण ३.९ गुणांनी वाढत होता. हरल्यावर मात्र तो ७.८ गुणांनी घसरत होता. दुःख सुखाच्या दुप्पट, आणि ते रेंगाळतही होतं जास्त वेळ.

म्हणजे निम्मे सामने जिंकणाऱ्या संघाचा चाहतासुद्धा वर्षाअखेर तोट्यातच. तरी पुढच्या सामन्याला गडी हजर!

याचं एक उत्तर असं देतात, की खरी मजा निकालात नसून निकालाआधीच्या धाकधुकीत असते. २००३ मध्ये ख्रिस्तोफर फियोरिलो, फिलिप टोबलर आणि वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पडद्यावर एक खूण दिसायची आणि थोड्या वेळाने रसाचा थेंब मिळायचा, किंवा मिळायचा नाही. खुणेवरून शक्यता किती ते माकडाला कळत असे. थेंब मिळणार की नाही हे पक्कं ठाऊक असेल, तर वाट पाहण्याच्या त्या काळात डोपामिन (बक्षिसाच्या अपेक्षेशी जोडलेलं मेंदूतलं रसायन) सोडणाऱ्या पेशी फारशा सक्रिय नसत. शक्यता निम्मी-निम्मी असली की त्यांची सक्रियता चढत जाई आणि तेव्हाच ती सर्वाधिक असे. माकडाच्या रसावरून थेट पेनल्टी शूटआउटवर उडी मारणं धाडसाचंच. पण निकाल आधी कुणीतरी सांगून टाकला, तर तोच सामना किती बेचव होतो, हे वेगळं सिद्ध करायला नको.

उत्कंठेने एवढंच कळतं, की अटीतटीचा कुठलाही सामना का खिळवून ठेवतो. ‘आपल्या’ संघासाठीच जीव का टांगणीला लागतो, ते कळत नाही.

आणि जीव टांगणीला लागतो हे शब्दशः खरं आहे. २००६ मध्ये जर्मनीत फुटबॉलचा विश्वचषक झाला, तेव्हा म्युनिक परिसरातल्या डॉक्टरांनी हृदयविकाराच्या तातडीच्या घटना मोजल्या. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी त्या नेहमीच्या २.६६ पट झाल्या होत्या. सर्वाधिक घटना सामना सुरू झाल्यावर पहिल्या दोन तासांतल्या. ज्यांना आधीपासून हृदयविकार होता, त्यांना धोका अधिक. १९९८ मध्ये इंग्लंड पेनल्टीवर अर्जेंटिनाकडून हरलं, तेव्हाही इंग्लंडमध्ये त्या दिवशी आणि पुढच्या दोन दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या सुमारे २५ टक्क्यांनी वाढली होती. धावत होते दुसरेच. ताण मात्र बसून पाहणाऱ्याच्या रक्तवाहिन्यांवर.

मग हे ‘आपलं’ येतं कुठून? त्याला लागतं फारच थोडं. १९७०च्या सुमारास मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी ब्रिस्टलमधल्या शाळकरी मुलांचे दोन गट पाडले. तुम्हाला पॉल क्ली या चित्रकाराची चित्रं आवडली, तुम्हाला कँडिन्स्कीची, असं त्यांना सांगितलं. प्रत्यक्षात वाटणी आपली कशीही केलेली होती. आपल्या गटात कोण आहे हेही मुलांना ठाऊक नव्हतं. तरी पैसे वाटायला सांगितल्यावर त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. इतकंच नाही, तर दुसऱ्या गटापेक्षा वरचढ राहता यावं म्हणून आपल्या वाट्याचे काही पैसे सोडायचीही त्यांची तयारी होती. चित्रांच्या आवडीवर एवढं होत असेल, तर गाणी, झेंडे आणि घरातून आलेली निष्ठा असलेल्या संघाचं काय सांगावं.

एकदा बाजू ठरली की डोळेही निःपक्ष राहत नाहीत. १९५१ साली अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या विद्यापीठांचा अमेरिकन फुटबॉलचा एक धसमुसळा सामना झाला. नंतर दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्याची एकच फिल्म दाखवून नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना आपल्या संघाचे जेवढे नियमभंग दिसले, त्याच्या दुपटीहून जास्त प्रिन्स्टनवाल्यांना दिसले. पंचांना शिव्या घालणारा चाहता खोटं बोलत नसतो. त्याला खरोखरच तसं दिसलेलं असतं.

जिंकणाऱ्याच्या तेजात उभं राहणं सगळ्यांनाच आवडतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्दिनी यांनी १९७६ मध्ये दाखवलं, की आपला संघ जिंकल्यावर सोमवारी जास्त विद्यार्थी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे घालून येतात. विजयाबद्दल बोलताना तोंडात ‘आपण’ येतं. पराभवाबद्दल बोलताना ते कमी होतं. सोयीचं नातं म्हणायचं. चाहत्यांविषयीच्या लेखांत हाच अभ्यास हटकून भेटतो. पण त्याने हौशी चाहता समजतो, हाडाचा नाही.

हाडाच्या चाहत्याबद्दल संशोधक मार्था न्यूसन यांचं काम मला जास्त मोलाचं वाटतं. प्रीमियर लीग या इंग्लंडच्या अव्वल फुटबॉल स्पर्धेतले दहा वर्षांतले सर्वात यशस्वी पाच आणि सर्वात अपयशी पाच क्लब घेऊन त्यांनी आणि सहकाऱ्यांनी चाहत्यांची एकमेकांशी असलेली घट्ट बांधिलकी तपासली. ती जास्त निघाली हरणाऱ्या क्लबांत. क्रिस्टल पॅलेस, हल, संडरलँड यांचे चाहते आपल्या सोबत्यांसाठी काल्पनिक प्रसंगात जीव द्यायलाही अधिक तयार होते. एकत्र सोसलेलं दुःख माणसांना जोडतं, असा संशोधकांचा निष्कर्ष. ससेक्सच्या हिशेबात जो तोटा दिसत होता, तो इथे भांडवल ठरतो. आनंदाचे गुण मोजणाऱ्या अ‍ॅपला हे दिसणार कसं?

सोबतीचा परिणाम शरीरातही मोजता येतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बास्केटबॉलच्या चाहत्यांच्या हृदयाचे ठोके नोंदवले. काही चाहते मैदानात होते, काही बाहेर एकत्र बसून तोच सामना थेट प्रक्षेपणात पाहत होते. मैदानातल्यांच्या हृदयगतीचे चढउतार एकमेकांशी कितीतरी जास्त जुळले.

या ‘आपण’ची कुंपणं मात्र फार पक्की नसतात. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठात मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांसमोर एक धावणारा माणूस मुद्दाम ठेचकाळून पडला आणि पाय धरून विव्हळू लागला. अंगात युनायटेडचा शर्ट असला की बहुतेक जण मदतीला जात. प्रतिस्पर्धी लिव्हरपूलचा असला की फार थोडे. मग दुसऱ्या फेरीत चाहत्यांना आधी संघाऐवजी एकंदर फुटबॉलप्रेमाबद्दल बोलतं केलं. तेव्हा लिव्हरपूलच्या शर्टवाल्यालाही जवळपास तितकीच मदत मिळाली. साधा शर्ट घातलेल्याला मात्र दोन्ही फेऱ्यांत फारसं कुणी उचललं नाही.