शिक्षेचा कोपरा ते शांत कोपरा: पार्श्वभूमी

शांत कोपरा म्हणजे अंगणवाडीत चिडलेल्या किंवा रडणाऱ्या मुलानं बसून शांत व्हायची जागा. ती कल्पना कुठून आली, ते बघू. करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं १९१७ साली. अंगणवाडी आली ती १९७५ च्या केंद्रीय एकात्मिक बालविकास योजनेतून. तिच्या सहा सेवांत शालापूर्व शिक्षण होतं, पण वेळ जायचा आहार, वजन आणि लसीकरणात. रडणारं मूल गप्प केलं की काम झालं, अशीच समजूत.

खरा गुंता २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यापासूनचा. कलम १७ ने शारीरिक शिक्षेवर आणि मानसिक छळावर बंदी घातली. मात्र या कायद्यातलं 'बालक' ६ ते १४ वर्षांचं. अंगणवाडीतलं चार वर्षांचं पोर त्यात बसतच नाही! २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ३ ते ८ वर्षं हा एकच टप्पा मानला, २०२२ च्या पायाभूत स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्याने भावनिक विकासाला जागा दिली, आणि कोपऱ्यात उभं करण्याऐवजी 'शांत कोपरा' हा शब्द ऐकू येऊ लागला.

वाद इथंच आहे. मुलाला तिथं पाठवायचं, की त्यानं आपण होऊन जायचं? 'जा कोपऱ्यात' असं दोनदा रागानं म्हटलं, की ती शिक्षाच होते आणि पुढं कुणी तिकडं फिरकत नाही. म्हणून कोपऱ्याची ओळख सगळे मजेत असताना, खेळातून करून द्यावी. चटई, उशी, न फुटणारा आरसा आणि चार चेहऱ्यांची चित्रं पुरेत: आनंद, राग, दुःख, भीती. दहा-बारा चेहरे लावले, तर मूल आवडलेलं चित्र दाखवून मोकळं होतं.

भांडण झालं तर आधी मारायला उठलेला हात धरायचा. मग, 'मनोरा पाडला म्हणून राग आलाय तुला.' मग दोनच पर्याय, 'कोपऱ्यात बसतोस, की माझ्याजवळ?' दोन्ही आपल्याला चालणारे हवेत. 'आता शांत बसणार का?' याला 'नाही' हेच उत्तर येतं, आणि मोठ्यांचाच पारा चढतो. समजावणं रडू ओसरल्यावर.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर शिरोळ-करवीरच्या नदीकाठी चौथा चेहरा, म्हणजे भीती, टाळून चालत नाही. एवढी लहान मुलं 'भीती वाटते' म्हणत नाहीत. 'पोटात दुखतंय' म्हणतात. दुखणं खरं आहे का ते आधी बघावं. नसेल, तर 'घाबरायचं नाही' न म्हणता 'पावसाचा आवाज मोठा वाटतोय का?' असं विचारावं आणि जवळ बसावं.