लिबरल आर्ट्स शिक्षण आणि नेतृत्व (कोकण)

लिबरल आर्ट्समधून नेतृत्व शिकवणं म्हणजे मुलाला एकाच नोकरीपुरतं तयार न करता, एक विषय मुख्य ठेवून त्याच्या जोडीला इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य, गणित, विज्ञान, अर्थशास्त्र असे लांबलांबचे विषय शिकवायचे, त्याला लिहायला, बोलायला, वाद घालायला लावायचं आणि चार माणसांचं काम अंगावर घ्यायची सवय लावायची. यात 'नेतृत्व' नावाचा वेगळा तास असतोच असं नाही, बहुतेक ठिकाणी नसतोच. कोकणात हे नाव फारसं कोणी घेत नाही, इथे 'आर्ट्स साईड' म्हणतात आणि तिच्याकडे सायन्स मिळालं नाही म्हणून घेतलेली साईड म्हणूनच बघतात. सिंधुदुर्गात बारावीनंतरच्या पोराला हमखास विचारलं जातं, "आर्ट्साक गेलंस काय रे, मार्क कमी पडले?" हा प्रश्न चुकीचा आहे, आणि का चुकीचा आहे त्याचा सगळ्यात मोठा पुरावा कोकणातच महाडला आहे, म्हणून या नोंदीत महाडला जास्त जागा दिलीय.

कुठून आलं

मध्ययुगीन युरोपात शिकलेल्या माणसाला सात विषय यायला हवेत असं धरत, व्याकरण, तर्कशास्त्र, वक्तृत्व आणि मग अंकगणित, भूमिती, संगीत, खगोल. पुढे अमेरिकेत छोटी निवासी कॉलेजं याच वळणावर चालली, आणि १८२८ साली येल कॉलेजने एक अहवाल काढून ठामपणे मांडलं की कॉलेजचं काम एखादा धंदा शिकवायचं नाही, आधी डोकं घडवायचं आहे. नेतृत्व हाच अभ्यासाचा विषय करणारं पदवीचं पहिलं स्वतंत्र स्कूल म्हणजे अमेरिकेतल्या रिचमंड विद्यापीठातलं जेप्सन स्कूल, ते १९९२ ला सुरू झालं, आणि तिथे मॅनेजमेंटचे फंडे न शिकवता इतिहास, तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, राज्यशास्त्र यांच्यातून नेतृत्व वाचायला लावतात, शिवाय न्याय आणि समाज या विषयाला जोडून मुलांना गावात शहरात जाऊन सेवाकाम करावं लागतं. आपल्याकडे पुण्यात सिम्बायोसिसचं लिबरल आर्ट्स स्कूल २०११ चं, सोनीपतचं अशोका विद्यापीठ २०१४ चं, पुण्यातलंच फ्लेम २०१५ ला विद्यापीठ झालं. तिथली फी कोकणातल्या साध्या घराला झेपणारी नाही, हे इथेच सांगून टाकलेलं बरं.

महाड

बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं. लहानपणी काही काळ ते दापोलीत राहिले. १९१३ ला बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची स्कॉलरशिप घेऊन ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी काय काय घेतलं ते बघण्यासारखं आहे, अर्थशास्त्राचे २९ कोर्स, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि वर फ्रेंच आणि जर्मन भाषेचा एकेक. मुख्य विषय अर्थशास्त्रच, पण बाकीचं सगळं आजूबाजूला भरून. तिथे तत्त्वज्ञ जॉन ड्युई शिकवायचे, आणि लोकशाही म्हणजे नुसती सरकार चालवायची पद्धत नाही, ती एकमेकांसोबत जगायची रीत आहे, हा ड्युईंचा विचार बाबासाहेबांच्या लिखाणात आयुष्यभर दिसतो.

आता हे सगळं महाडला कसं कामी आलं? मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ ला सी. के. बोले यांचा ठराव पास झाला होता की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, आणि १९२४ ला महाड नगरपालिकेने सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या पुढाकाराने चवदार तळं खुलं असल्याचं जाहीर केलं होतं. म्हणजे कागदावर हक्क होता, पण तळ्यावर जायची कोणाची हिंमत होत नव्हती. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला कुलाबा (आताचा रायगड) जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, आणि २० मार्चला बाबासाहेब लोकांना घेऊन शांतपणे तळ्यापर्यंत चालत गेले आणि पाणी प्यायले. नंतर अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार, आणि परतणाऱ्या लोकांवर हल्ला झाला, माणसं जखमी झाली, पण बाबासाहेबांनी आपल्या लोकांना उलट हात उचलू दिला नाही.

डिसेंबरातली गोष्ट तर वर्गात अजून नीट शिकवण्यासारखी आहे. परत सत्याग्रह करायचा म्हणून हजारो लोक महाडला जमले, आणि त्याआधीच विरोधकांनी कोर्टाचा मनाई हुकूम आणून ठेवला होता. २५ डिसेंबरच्या भाषणात बाबासाहेबांनी १७८९ च्या फ्रान्समधल्या राष्ट्रीय सभेचं उदाहरण दिलं, की तीही अशीच माणसामाणसातली उतरंड मोडायला बसली होती. विचार करा, रायगडच्या पायथ्याशी जमलेल्या शेतमजुरांपुढे फ्रान्सचा इतिहास, आणि तो मिरवायला नाही तर आपली लढाई एकट्या तळ्याची नाही हे समजावून सांगायला. त्याच परिषदेत मनुस्मृती जाळली गेली. पण तळ्यावर जायचं मात्र त्यांनी थांबवलं, कोर्टाचा हुकूम आहे, आपलं भांडण सरकारशी नाही, हे तापलेल्या जमावाला पटवून दिलं. मग दहा वर्षं केस चालली आणि १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. कायदा कुठे वापरायचा, इतिहास कुठे सांगायचा आणि जमावाला थांब कधी म्हणायचं, हे तीनही एकाच माणसाला कळत होतं. अर्थात त्यामागे स्वतः सोसलेला अपमान आणि बळ होतं, ते कुठल्या कॉलेजात मिळत नाही, पण त्या सोसण्याला शब्द, पुरावे आणि दिशा मिळाली ती अभ्यासातून.

खोतीचंही तसंच, म्हणजे गावचा सारा खोताने कुळांकडून वसूल करायच्या पद्धतीचं. शेतजमिनीचे तुकडे आणि त्यावरचे उपाय यावर बाबासाहेबांनी १९१८ लाच लिहिलं होतं, आणि १९३७ च्या सप्टेंबरात त्यांनी कोकणातली खोती बंद करायचं बिल मुंबई विधानसभेत आणलं, लगेच १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. बिल तेव्हा पास झालं नाही, खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्यानंतर.

दुसरी बाजू

कॉलेजशिवाय नेता घडत नाही असं म्हटलं तर ते धादांत खोटं होईल. अलिबाग तालुक्यात चरीचा शेतकरी संप १९३३ पासून १९३९ पर्यंत चालला, सहा वर्षं लोकांनी खोतांची जमीन कसली नाही, पुढारी नारायण नागू पाटील, आणि त्यात टिकून राहिलेल्या कुळांपैकी बहुतेकांनी कॉलेजचं तोंडही पाहिलं नव्हतं. महाडच्या परिषदेमागे राबलेले रामचंद्र बाबाजी मोरे हेही तळातून आलेले कार्यकर्ते. उलट भरपूर शिकून गावाच्या कामाला कधीच न आलेली माणसंही प्रत्येक वाडीत सापडतील. त्यामुळे शिक्षणाने नेतृत्व तयार होतं यापेक्षा, ज्याच्यात ती धग आहे त्याला शिक्षण लांबचं बघायला शिकवतं, एवढंच म्हणणं टिकतं, आणि तेवढंही पुष्कळ आहे.

आणि हे फक्त आर्ट्सवाल्यांचं काम आहे असंही नाही. राजापूर मतदारसंघातून १९७१ पासून सलग पाच वेळा निवडून आलेले मधु दंडवते मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. १९७७ ला रेल्वेमंत्री झाल्यावर सेकंड क्लासच्या लाकडी बाकांवर त्यांनी फोमच्या गाद्या आणल्या, कारण जास्तीत जास्त लोक त्याच डब्यातून जातात. फिजिक्सचा मास्तर, समाजवादी राजकारण आणि संसदेतलं मुद्देसूद बोलणं, हे मिश्रण म्हणजे विषयांच्या भिंती न मानणं.

वर्गात हे कसं करतात

मुख्य हत्यार चर्चेचं. वर्ग लहान हवा, मुलांनी आधी वाचून यायला हवं, सरांनी उत्तर न देता पुढचा प्रश्न टाकायला हवा. कोकणात यासाठी विषय शोधायला लांब जायची गरज नाही, बारसूचा सडा घ्या. राजापूर तालुक्यातल्या त्या जांभ्याच्या कातळावर माणसांनी कोरलेली चित्रं आहेत, तशीच कशेळी, उक्षी, देवाचे गोठणे अशा ठिकाणीही आहेत, कशेळीचा हत्ती तर जवळपास १८ मीटर लांब आहे, आणि ही कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. दुसरीकडे नाणारच्या रिफायनरीसाठीचं भूसंपादन २०१९ ला रद्द झालं आणि मग बारसूचं नाव पुढे आलं, २०२३ च्या एप्रिलमध्ये तिथे माती परीक्षणाच्या वेळी मोठं आंदोलन झालं. आता एका गटाने प्रकल्पाच्या बाजूने बोलायचं, रोजगार, मुंबईला जाणारी पोरं, रिकामी घरं. दुसऱ्याने विरोधात, आंबा, मासेमारी, पाणी, कातळशिल्पं. आणि पुढच्या आठवड्यात बाजू बदलायच्या. हे करताना भूगर्भशास्त्र लागतं, इतिहास लागतो, जमिनीचा कायदा आणि सातबारा वाचता यावा लागतो, अर्थशास्त्र लागतं, आणि सगळ्यात अवघड म्हणजे ज्याचं आपल्याला अजिबात पटत नाही त्याचं म्हणणं त्याला मान्य होईल अशा शब्दात मांडता यावं लागतं. माझ्या मते या एका अभ्यासात जेवढं नेतृत्व शिकून होईल तेवढं महिनाभराच्या लीडरशिप वर्कशॉपमध्ये होणार नाही.

बोलण्याचं शिक्षण तर तळकोकणात घरचंच आहे. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, आख्यान ठरतं आणि पेटी-मृदंग सुरू झाला की राजा आणि ऋषी उभ्या उभ्या संवाद रचतात, एकाने पुराणातला दाखला दिला की दुसऱ्याला तिथल्या तिथे तोड द्यावी लागते, समोर रात्रभर जागलेला गाव बसलेला असतो आणि त्याला फसवता येत नाही. जत्रेत हे बघत वाढलेल्या मुलाला वादविवाद स्पर्धेत पाठ केलेलं भाषण म्हणायला लावणं म्हणजे त्याच्या अंगातली कला मारणंच.

तिसरं, काम. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे, वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचा निवासी कॅम्प. कॅम्पमध्ये बंधारा बांधला जातो ते छानच, पण त्याच गावच्या ग्रामसभेला मुलांना बसवलं तर जास्त शिकतील. कोरमसाठी १५ टक्के मतदार किंवा १०० जण यातली कमी संख्या हजर लागते, इतिवृत्त कोण लिहितो, महिला सरपंच बोलत असताना मध्येच कोण बोलतं, ठराव वाचून न दाखवता सह्या कशा घेतल्या जातात, हे एकदा डोळ्याने बघितलं की पंचायत राजचा धडा वेगळा पाठ करावा लागत नाही. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत, म्हणजे आत्ता कॉलेजात बसलेल्या मुलींमधल्या कितीतरी उद्या त्या खुर्चीवर बसणार आहेत.

आजची स्थिती

रत्नागिरीचं गोगटे-जोगळेकर, सावंतवाडीचं पंचम खेमराज, चिपळूणचं डीबीजे ही जुनी कॉलेजं मुंबई विद्यापीठाशी जोडलेली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर इथेही मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला आवडीचा विषय), भारतीय ज्ञान परंपरा, फील्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट असं सगळं आलंय, म्हणजे कॉमर्सचा मुलगा इतिहास घेऊ शकतो, सायन्सची मुलगी तत्त्वज्ञान. कागदावर ही लिबरल आर्ट्सचीच रचना आहे, आणि तीही सरकारी फीमध्ये, हे खरंच मोठं पाऊल आहे. पण कॉलेज लहान असेल तर ओपन इलेक्टिव्ह म्हणून ज्या सरांचा तास रिकामा त्यांचा विषय मिळतो, जागा भरलेल्या नसतात, तासिका तत्त्वावरचे शिक्षक एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात पळत असतात, आणि दुपारची एसटी चुकली की पुढची संध्याकाळी म्हणून चर्चेचा तास अर्ध्यात सोडून मुलं स्टँडवर पळतात. दहावी-बारावीच्या निकालात कोकण बोर्ड वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतं, म्हणजे मुलं कमी पडत नाहीत. आसपासच्या दोन-तीन कॉलेजांनी मिळून विषय वाटून घ्यायची सोय धोरणात आहे, आणि ती वापरायची तर आधी टाइमटेबल एसटीच्या वेळांशी जुळवावं लागेल.