कासवीच्या डोळ्यांतलं पाणी

कासवी पिलांना दूध पाजत नाही, कुशीत घेत नाही, नुसत्या नजरेनं वाढवते, असं संतांच्या अभंगांत येतं. ‘कृपादृष्टी’ म्हटलं की कीर्तनकाराला ती हटकून आठवते. गंमत म्हणजे चाणक्यनीतीतल्या श्लोकात नजर मासोळीच्या वाट्याला आली आहे. कासवी तिथं केवळ ध्यानानं पिलं पोसते.

मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी रात्री येते. वल्ह्यासारख्या मागच्या पायांनी खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून ती अंगानं धोपटते आणि समुद्रात निघून जाते. त्या घरट्याकडे पुन्हा फिरकत नाही. पिलं बाहेर येतात ४५ ते ६० दिवसांनी. तोवर ती कुठल्या कुठे! नजर नाही, आणि ध्यानाचं तर कोणी मोजलेलं नाही.

अंडी घालताना तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळतं. बघणाऱ्याच्या पोटात कालवतं, पण ते रडू नव्हे. समुद्रात राहून अंगात साठणारं जादा मीठ तिच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. ते डोळ्यांजवळच्या ग्रंथी बाहेर टाकतात. पाण्यातही हे चालूच असतं, फक्त दिसत नाही.

तरी मला वाटतं, संतांचा प्रश्न चोख होता. दूध नाही, अंगाची ऊब नाही, मग पिलू जगतं कसं? तर बलकावर. कवच फोडताना उरलेला बलक पिलाच्या पोटात असतो, आणि पहिले काही दिवस ते त्याच शिदोरीवर पोहतं. शिदोरी आईनंच बांधलेली, पिलू जन्मण्याआधी. ऊब देते वाळू. पिलू नर की मादी हेही तीच ठरवते: वाळू तापली तर माद्या जास्त, थंड राहिली तर नर. हवामान तापतंय, म्हणून अभ्यासकांना माद्यांच्याच झुंडीची धास्ती आहे.

सगळ्या कासवी मात्र अशा निघून जात नाहीत. ॲमेझॉन खोऱ्यातल्या नद्यांत एक महाकाय कासव आहे. ब्राझीलमधल्या त्रोंबेतास नदीत संशोधकांनी पाण्याखाली ध्वनिमुद्रण केलं. निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. पिलं अंड्यात असतानाच आवाज काढू लागतात. किनाऱ्याजवळच्या पाण्यात माद्या थांबलेल्या असतात, त्याही आवाज देतात. पिलं नदीत उतरली की त्यांच्यासोबत पुढच्या प्रवासाला निघतात. नजरेनं नाही, हाकेनं.