वंशावळ संशोधन

वंशावळ संशोधन : एखाद्या व्यक्तीचे पूर्वज, त्यांची परस्परांशी असलेली नाती आणि त्यांच्या आयुष्यातील ठळक घटना पुराव्यांच्या आधारे पिढी-दर-पिढी निश्चित करण्याचा अभ्यास. नावे व नाती यांच्या आराखड्याला वंशावळ म्हणतात. ती माणसे कुठे राहिली, कशावर पोट भरत होती, ठिकाण का सोडून गेली, याचा शोध घेतला की त्या आराखड्याचा कुटुंबेतिहास होतो. दोन्हींचा कस एकाच ठिकाणी लागतो : अमुक व्यक्ती तमुकाचे अपत्य होती, हा प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे सिद्ध करावा लागतो. एक दुवा चुकला, तर त्याच्या वरच्या सगळ्या पिढ्या दुसऱ्याच घराण्याच्या ठरतात.

त्यामुळे शोधाची दिशा ज्ञाताकडून अज्ञाताकडे, म्हणजे स्वतःपासून आई-वडिलांकडे आणि त्यांच्यापासून आजी-आजोबांकडे ठेवतात. नवशिक्यांना मोह उलट दिशेचा होतो : आपल्या आडनावाची एखादी नामवंत ऐतिहासिक व्यक्ती गाठायची आणि तिच्यापासून आपल्यापर्यंत उतरत यायचे. अशा वंशावळींत मधल्या पिढ्या बहुधा कल्पनेने भरलेल्या असतात. पूर्वजांची संख्या दर पिढीला दुप्पट होत असल्याने दहा पिढ्या मागे १,०२४ स्थाने होतात (नातलगांत झालेल्या विवाहांमुळे प्रत्यक्ष माणसे त्याहून कमी भरतात). तेव्हा सुरुवातीला एकच शाखा आणि ‘आजीच्या वडिलांचा जन्म कुठे झाला’ यासारखा एकच प्रश्न निवडणे श्रेयस्कर.

पहिले साधन म्हणजे घरातील वयोवृद्ध माणसे. कागद थांबू शकतात, माणसे थांबत नाहीत, म्हणून आधी त्यांच्याकडे जावे. सनावळी विचारल्यास बहुतेक जण गोंधळतात. जुने छायाचित्र समोर ठेवून त्यात कोण कोण आहे, हे लग्न धाकट्याच्या जन्माआधीचे की नंतरचे, असे विचारले की आठवणींची संगती लागते. विवाहानंतर नाव बदलण्याची चाल असेल, तर स्त्रियांची माहेरची नावे आवर्जून विचारावीत, कारण निम्मे पूर्वज स्त्रियाच असतात आणि कागदोपत्री त्यांचीच नावे आधी पुसली जातात. सांगणाऱ्याने ती गोष्ट स्वतः पाहिली की ऐकली, हे मुलाखतीच्या तारखेसह टिपावे. दोन भावंडांच्या हकिकती जुळल्या नाहीत, तर दोन्ही जशाच्या तशा लिहाव्यात. घाईने काढलेला मध्यममार्ग पुढच्या अभ्यासकाला पुरावा वाटू लागतो. याच टप्प्यावर घरातील पत्रे, दाखले व खरेदीखते यांचीही छायाचित्रे घेऊन ठेवावीत.

सार्वजनिक नोंदी किती मागे नेतील, हे देशपरत्वे बदलते. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्री राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याच्या १५३८ मधील आदेशाने चर्चमध्ये बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या वह्या ठेवणे सुरू झाले. फ्रान्सने १७९२ मध्ये ही नोंदणी चर्चकडून काढून नगरपालिकांकडे सोपवली. इंग्लंड व वेल्समध्ये मुलकी (म्हणजे चर्चऐवजी सरकारने ठेवलेली) नोंदणी १८३७ मध्ये आली. अमेरिकेच्या जनगणनेत १७९० ते १८४० पर्यंत केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत. १८५० पासून घरातील प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव येऊ लागले, पण गुलामांच्या तक्त्यांत प्रामुख्याने मालकाचे नाव आणि गुलामांचे वय व लिंग एवढेच असे. त्यामुळे बहुसंख्य कृष्णवर्णीय कुटुंबांची नावे त्या जनगणनेत प्रथम १८७० मध्ये भेटतात. काही दप्तरे तर उरलेलीच नाहीत : १८९० च्या अमेरिकी जनगणनेचा बहुतांश भाग १९२१ च्या आगीनंतर हातचा गेला, तर आयर्लंडचे सार्वजनिक अभिलेखागार १९२२ मध्ये यादवीच्या प्रारंभी डब्लिनमध्ये बेचिराख झाले. अशा ठिकाणी जमीनमहसूल, न्यायालयीन दावे, मृत्युपत्रे आणि जहाजांच्या प्रवासीयाद्या यांकडे वळावे लागते.

नोंद सापडली तरी ती तपासावी लागते. मृत्यूच्या दाखल्यातील मृत्यूची तारीख सहसा विश्वसनीय असते. त्याच दाखल्यातील जन्मसाल मात्र दुःखात असलेल्या एखाद्या नातलगाने अंदाजाने सांगितलेले असू शकते. ब्रिटनच्या १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरील व्यक्तींची वये पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहिण्याची सूचना होती, म्हणून तिथला ‘२५’ हा आकडा एकोणतीस वर्षांच्या माणसाचाही असू शकतो. इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे फेब्रुवारीत जन्मलेले मूल वरवर पाहता मागच्याच वर्षाचे दिसते. एकाच वस्तीत एकाच नावाच्या दोन व्यक्ती असणे ही सर्वांत मोठी अडचण होय. तिथे पत्नीचे नाव, व्यवसाय, शेजारी व साक्षीदार यांच्या मेळातूनच माणूस वेगळा ओळखता येतो.

मांडणीसाठी एक जुनी क्रमांकपद्धती आजही वापरात आहे. तीत मूळ व्यक्तीला १ क्रमांक देतात. पुढे कोणत्याही क्रमांकाची दुप्पट केली की त्या व्यक्तीचे वडील आणि त्यात एक मिळवला की आई मिळते. ऑस्ट्रियन इतिहासकार मिखाएल आयत्सिंगर याने १५९० मध्ये ती छापली. संगणकीय वंशवृक्षांच्या देवाणघेवाणीसाठी १९८४ पासून ‘जेडकॉम’ हा फाइल-प्रकार रूढ आहे. महाजालावरील तयार वंशवृक्ष धागेदोरे म्हणून उपयोगी असले, तरी ते बऱ्याचदा एकमेकांवरूनच उतरवलेले असतात. दहा ठिकाणी सारखी तारीख दिसल्याने दहा पुरावे होत नाहीत.

डीएनए चाचणी ही कागदांना पूरक आहे. वाय गुणसूत्र पित्याकडून पुत्राकडे जाते आणि मायटोकाँड्रियल डीएनए (पेशीच्या केंद्रकाबाहेरील तंतुकणिकांमधला डीएनए) आईकडून सर्व अपत्यांकडे येतो. उरलेल्या गुणसूत्रांपैकी प्रत्येक आजी-आजोबांचा वाटा सरासरीने २५ टक्के असला, तरी प्रत्यक्षात तो कमी-अधिक होतो, आणि दूरच्या पूर्वजाचा अंश मुळीच उतरलेला नसणेही शक्य असते. निकालातून अज्ञात दत्तकविधान किंवा वेगळे पितृत्व उघड होऊ शकते आणि त्याचा परिणाम चाचणी न केलेल्या नातलगांवरही होतो. म्हणून नमुना देण्याआधीच त्यांच्याशी बोलून घेणे आणि हयात व्यक्तींची माहिती त्यांच्या संमतीशिवाय प्रसिद्ध न करणे हे संकेत पाळले जातात.